स्लाइड क्रमांक ११ बद्दल: मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीच्या सर्व सभासदांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आधी सचिवांना ईमेलने पाठवणार होते. पण ती स्लाइड दीडशे लोकांसमोर दाखवली गेली, शिवाय तिची पीडीएफ मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांना गेली. तेव्हा उत्तरही सगळ्यांसमोरच द्यावं असं ठरवलं.

गेल्या महिन्यात आपल्या मंडळात आर्थिक नियोजनावर व्याख्यान झालं. वक्ते अभ्यासू, बोलणं खुसखुशीत, रॉथ आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्याविषयीची आणि मुलांच्या कॉलेजच्या खात्यांविषयीची माहिती चोख. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती स्लाइड क्रमांक ११ बद्दल. शीर्षक होतं ‘सरकारी चेक: दोन सवयी’. डाव्या बाजूला मातीचा गल्ला, खाली लिहिलेलं ‘आपण’. उजव्या बाजूला भलामोठा टीव्ही आणि स्नीकर्सचा जोड, खाली ‘ते’. ‘ते’ म्हणजे कृष्णवर्णीय, हे वक्त्यांना सांगावं लागलं नाही. सभागृहाला कळलं आणि सभागृह हसलं. आपण घरात त्यांचा उल्लेख ज्या शब्दाने करतो, तो मागच्या रांगेतून कोणीतरी बोललंही. मी हसले नाही, पण उठून काही बोललेही नाही. हातात बटाटेवड्याची प्लेट होती, ती संपवली आणि घरी आले. तेव्हा या पत्रातली निम्मी चीड माझ्यावरची आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आयातशुल्काच्या पैशातून माणशी २,००० डॉलर वाटायची कल्पना मांडली, तेव्हापासून ग्रुपवर २०२० च्या महामारीत सरकारने लोकांना पाठवलेल्या चेकच्या आठवणी पुन्हा निघाल्या आहेत. स्लाइडही त्यातूनच आली असणार. म्हणून आधी माझ्याच घरातल्या चेकची गोष्ट सांगते.

२७ मार्च २०२० ला केअर्स कायद्यावर सही झाली. मोठ्या माणसाला १,२०० डॉलर, सतरा वर्षांखालच्या मुलाला ५००. जोडप्याचं उत्पन्न दीड लाखापर्यंत असेल तर पूर्ण रक्कम, त्यापुढे हळूहळू कात्री. मुलगी तेव्हा कॉलेजात, म्हणून आम्हा दोघांचे मिळून २,४०० डॉलर एप्रिलच्या मध्याला खात्यात जमा झाले. जमा झाले हे मला चार दिवसांनी कळलं, तेसुद्धा गॅसचं बिल भरायला खातं उघडलं म्हणून. यांचा पगार दर पंधरवड्याला येतच होता, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम चाललं होतं, पेट्रोलचा खर्च थांबला होता. त्या पैशांचं आम्ही काय केलं? काहीच केलं नाही. ते पडून राहिले.

अर्थशास्त्रज्ञांच्या तक्त्यात या ‘काहीच केलं नाही’ला बचत म्हणतात. स्लाइडवरचा गल्ला तो हाच. त्यात माझा गुण कोणता, हे मला अजून सापडलेलं नाही.

आता आकड्यांकडे येते. मी चाळीस वर्षं हिशेबाच्या कामात काढली. आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारायची खोड जात नाही. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक; तिच्या न्यूयॉर्कच्या बँकेने लोकांना विचारलं होतं की पहिल्या चेकचं काय केलंत. सगळ्या अमेरिकेची सरासरी अशी: २९ टक्के खर्च, ३६ टक्के शिल्लक, ३५ टक्के देणी फेडण्यात. म्हणजे ‘ते’ सोडाच, अख्ख्या देशानेच चेकमधला तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी भाग बाजारात नेला. या सरासरीच्या आत वंशागणिक फरक आहेत का? आहेत, आणि ते मी नाकारत नाही. जनगणना खात्याच्या त्या काळातल्या पाहण्यांत गोऱ्या आणि आशियाई घरांमध्ये पैसे शिलकीत टाकल्याचं सांगणारे जास्त होते, तर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, घरांमध्ये रोजच्या खर्चात आणि देण्यांत गेल्याचं सांगणारे जास्त. वक्त्यांनी हा फरक घेतला, त्यावर ‘सवय’ असं लेबल चिकटवलं आणि पुढच्या स्लाइडवर गेले. मला तिथेच थांबायचं आहे.

फेडरल रिझर्व्ह दर तीन वर्षांनी घरोघरच्या संपत्तीची पाहणी करतं. २०१९ ची पाहणी म्हणजे महामारीच्या उंबरठ्यावरचं चित्र. त्यात मधल्या, म्हणजे ना श्रीमंत ना गरीब अशा गोऱ्या कुटुंबाची एकूण मालमत्ता १,८८,२०० डॉलर. तशाच मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची २४,१०० आणि हिस्पॅनिक कुटुंबाची ३६,१००. मालमत्ता म्हणजे घरदार आलं, ते मोडून कोणी किराणा आणत नाही. म्हणून हाताशी असलेल्या रोकड शिलकीचा आकडा बघा: गोरं कुटुंब ८,१०० डॉलर, हिस्पॅनिक २,०००, कृष्णवर्णीय १,५००. न्यू जर्सीत दीड हजारात एका महिन्याचं घरभाडंही भागत नाही, हे कार्यकारिणीतल्या भाड्याने घरं देणाऱ्या सभासदांना मी काय सांगावं!

त्याच पाहणीतला आणखी एक प्रश्न मला सगळ्यात बोलका वाटतो. अडचण आली तर नातेवाईक किंवा मित्रांकडून ३,००० डॉलर मिळू शकतील का? गोऱ्या कुटुंबांपैकी ७२ टक्के हो म्हणाली, हिस्पॅनिकांपैकी ५८ आणि कृष्णवर्णीयांपैकी ४१. याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, हातउसने. आपण इथे आलो तेव्हा पहिल्या भाड्याची अनामत कोणी दिली होती? माझ्या बाबतीत यांच्या मावसभावाने. घर घेताना डाऊन पेमेंटला कमी पडले ते भिशीतून उचलले. त्या मावसभावाने मला कधी ‘सवयी’ विचारल्या नाहीत. आमच्या घरची गंगाजळी म्हणजे नुसतं आमचं खातं नव्हे, पाच-सहा घरांची खाती होती. ज्याच्या आजूबाजूची पाचही घरं ओढगस्तीत आहेत त्याच्याकडे उसनवारीला जागाच नाही. उलट त्याच्या हातात चार पैसे आले की उसने मागायला येतात ते त्याच्याकडेच.

‘हे सगळं तर्काचं झालं, पुरावा कुठे आहे?’ असं वक्ते म्हणतील. आहे. शिकागो विद्यापीठातल्या आणि जेपीमॉर्गन चेस बँकेच्या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली एक काम केलं. बँकेच्या खात्यात वंश लिहिलेला नसतो. पण फ्लोरिडा, जॉर्जिया, लुइझियाना या राज्यांत मतदार नोंदणीच्या अर्जात वंश विचारतात. खाती आणि मतदार नोंदी जोडून त्यांनी पाहिलं, की एखाद्या महिन्यात कंपनीने सगळ्यांचाच पगार कमी-जास्त केला, तर कोणतं घर आपला खर्च किती हलवतं. हा अभ्यास सरकारी चेकचा नाही, पगाराच्या चढउताराचा आहे, हे स्पष्ट सांगते. पण प्रश्न तोच आहे: हातातला पैसा अचानक बदलला की घर काय करतं? उत्तर असं आलं, की सारखाच फटका बसला तरी कृष्णवर्णीय कुटुंबं आपला खर्च गोऱ्यांपेक्षा ५० टक्के जास्त आखडतात, हिस्पॅनिक कुटुंबं २० टक्के जास्त. मग त्यांनी बँकेत सारखीच रोकड असलेली कुटुंबं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा झाला.

मंडळी, हे वाक्य पुन्हा वाचा. खात्यातली शिलक सारखी असेल तर माणसं सारखीच वागतात. मग ‘सवय’ नावाच्या गोष्टीला उरतं काय?

वसंत ऋतूत शनिवारी मी एका सार्वजनिक वाचनालयात बसते. कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न स्वयंसेवकांकडून मोफत भरून द्यायचा सरकारी उपक्रम आहे, व्हिटा म्हणतात त्याला. २०२१ च्या फेब्रुवारीत मधे प्लास्टिकची काच, तोंडावर मास्क, अशा थाटात ते काम चाललं होतं. एक बाई आल्या. कृष्णवर्णीय, चाळिशीच्या, वृद्धाश्रमात सेविका, पदरी दोन मुलं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) कागद आणले होते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आणि माझ्या आईची रेशनकार्डं असायची तसे रबराने बांधलेले. त्यांना पहिला चेक मिळालाच नव्हता. सरकारचं पत्र मात्र मिळालं होतं, राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं, की आपल्याला २,२०० डॉलर पाठवले आहेत. ते पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं.

चौकशी केल्यावर उलगडलं. मे २०२० मध्ये सरकारने जवळपास ४० लाख लोकांना चेकऐवजी प्रीपेड कार्डं पाठवली. साधं पांढरं पाकीट, वर सरकारचं नावही नाही. देशभर कित्येकांनी ते क्रेडिट कार्डची जाहिरात समजून फाडून टाकलं. या बाईंनीही टाकलं. नवीन कार्ड मागवायला लागणारा फोन मी माझ्या टेबलावरून लावला, पाऊण तास संगीत ऐकलं. कार्ड आलं तोवर आमच्या खात्यात ते २,४०० डॉलर पडून अकरा महिने होत आले होते.

एप्रिलमध्ये त्या सही करायला परत आल्या. मी आगाऊपणे विचारलं, पैशांचं काय केलंत? त्यांनी पाकिटाच्या पाठीवर लिहिलेला हिशेब काढून काचेला लावला. थकलेलं घरभाडं ९५०. वीज ३१०. गाडीचे ब्रेक ३८०. आईच्या दाताचे २५०. बहिणीचे परत ११२. आणि टीव्ही, १९८.

हो, टीव्ही होता. स्लाइड बरोबरच होती म्हणायची, २,२०० मधल्या १९८ डॉलरपुरती. त्या टीव्हीचं समर्थन मी करणार नाही, कारण समर्थन लागतं असं मला वाटत नाही. त्याच वसंतात आपल्या ग्रुपवर डेकचं फर्निचर, ओव्हनमधला पिझ्झा-दगड आणि कुठला शेअर उडतोय याच्याच चर्चा होत्या. त्यांचे फोटो मी जपून ठेवले नाहीत, आणि कोणी त्यांची स्लाइडही केली नाही.

ही एकट्या एका बाईची गोष्ट नाही, हेही आकड्यांतच बघा. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या पाहणीत, मे २०२० च्या अखेरीपर्यंत पैसे मिळाल्याचं सांगणारे गोरे प्रौढ सुमारे ७४ टक्के होते, कृष्णवर्णीय ६९ आणि हिस्पॅनिक ६४. कारण यंत्रणा आमच्यासारख्यांसाठी बांधलेली. ज्यांचा खाते क्रमांक आधीच टॅक्स खात्याकडे होता, त्यांना पैसे आधी. २०१९ साली बँकेत खातंच नसलेली घरं गोऱ्यांमध्ये अडीच टक्के होती, हिस्पॅनिकांमध्ये १२.२ आणि कृष्णवर्णीयांमध्ये १३.८. शिवाय कोपऱ्यावरच्या टॅक्सवाल्याकडे फी रोख द्यायला नाही म्हणून ती रिफंडमधून कापून घ्या म्हणणारे लाखो लोक असतात. त्यांचा रिफंड एका तात्पुरत्या खात्यातून येतो आणि ते खातं नंतर बंद होतं. अशा बंद खात्यांकडेही सरकारने पैसे धाडले. एप्रिल २०२० मध्ये बेकारी गोऱ्यांत १४.२ टक्के, कृष्णवर्णीयांत १६.७, हिस्पॅनिकांत १८.९ होती. ज्याची नोकरी आधी गेली त्याला चेक उशिरा, असा हा उफराटा क्रम. उशिरा आलेला पैसा देण्यांत जातो. त्याला तोवर दुसरी वाट शिल्लकच नसते.

इथे आपल्याच घरातली एक आठवण काढते. मार्च २०२० च्या कायद्यात अट होती, की नवरा-बायकोने एकत्र रिटर्न भरलं आणि दोघांपैकी एकाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तर दोघांनाही एक पैसा नाही. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागोमाग एच-४ व्हिसावर आलेल्या आपल्या किती मुलींकडे तो क्रमांक नव्हता, नुसता कर भरण्यापुरता मिळणारा आयटीआयएन क्रमांक होता! त्या आठवड्यात ग्रुपवर काय आग लागली होती ते आठवा. ‘आम्ही टॅक्स भरतो, आमच्याशी असा दुजाभाव का?’ संताप रास्त होता. डिसेंबर २०२० च्या कायद्याने चूक मागल्या तारखेपासून दुरुस्त केली आणि क्रमांक असलेल्या जोडीदाराला पैसे मिळाले. चेक न येण्यामागे नियम असतो, नशीब किंवा आळस नसतो, हे तेव्हा आपल्याला एका दिवसात कळलं होतं. फक्त स्वतःच्या बाबतीत.

आता माझ्या म्हणण्याच्या उलट जाणारा पुरावाही सांगते, नाहीतर प्रश्नोत्तरांत वक्ते तो काढतील. २००९ साली शिकागो आणि पेनसिल्व्हेनियाच्या अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमाई सारखी धरली तरी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कुटुंबं कपडे, दागिने, गाड्या अशा चारचौघांत दिसणाऱ्या वस्तूंवर गोऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त खर्च करतात, असं त्यात निघालं. ग्रुपवर हे वाक्य इतकंच फिरतं. अभ्यास मात्र पुढे जातो. ज्या राज्यांत गोऱ्यांचीच सरासरी कमाई कमी आहे, तिथले गोरेही अशा वस्तूंवर जास्त खर्च करताना दिसले. म्हणजे तुमच्या आजूबाजूचे तुमच्यासारखे लोक गरीब असतील, तर ‘मी त्यातला नाही’ हे दाखवायला काहीतरी अंगावर घालावं लागतं. मंडळी, हे समजायला आपल्याला शिकागोपर्यंत जायला नको. कर्ज काढून लग्नात घातलेले तोळे, जावयाची अंगठी, मुहूर्ताच्या आदल्या रात्री सराफाकडची उधारी, हे माझ्या आजोळी मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला आपण ‘रीत’ म्हणत होतो.

आणि बचतीच्या सवयीचंच म्हणाल तर १८६५ ची गोष्ट ऐका. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांसाठी अमेरिकन काँग्रेसने कायदा करून फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक काढली. लोकांनी मजुरीचे डॉलर-दोन डॉलर नेऊन भरले, हातात पासबुकं घेतली. बँकेला सरकारची हमी आहे असा त्यांचा समज होता, आणि तो दूर करायची घाई कोणालाच नव्हती. वरच्या लोकांनी पैसा सट्ट्यात आणि भलत्याच कर्जांत घातला. बँक डबघाईला आल्यावर शेवटचे काही महिने फ्रेडरिक डग्लस या, स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या, कृष्णवर्णीय नेत्याला अध्यक्ष केलं. त्यांनी स्वतःचे १०,००० डॉलर तिला दिले, तरी १८७४ मध्ये ती बुडाली. ६१,००० हून अधिक ठेवीदारांचे जवळजवळ तीस लाख डॉलर अडकले. थोडा भाग पुढे कित्येक वर्षांनी काहींना परत मिळाला, पुष्कळांना काहीच नाही. म्हणजे गल्ला होता. तो फोडला कोणी, हे स्लाइडवर यायला हवं होतं. पुढे १९३० च्या दशकात नकाशावर लाल रंग फासून त्यांच्या वस्त्यांना घरकर्ज नाकारलं गेलं, ती हकीकत तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. घर घेताना कोणती वस्ती ‘चांगली’ आणि कोणती नाही हे आपण एजंटला विचारतो, तेव्हा त्याच नकाशाची घडी उलगडत असतो.

माझं म्हणणं असं नाही की सगळी गरीब माणसं शहाणी असतात. माझ्या टेबलासमोर उधळेही येतात, गोरे, काळे, पटेल, पाटील, सगळे. रिफंड आला की आधी लॉटरीची तिकिटं घेणारा एक गृहस्थ दर वर्षी येतो, त्याच्याशी मी दर वर्षी भांडते. पण एकाच्या वागण्याला ‘स्वभाव’ म्हणायचं आणि दुसऱ्याच्या तशाच वागण्याला ‘त्यांची जात’, हा हिशेब मला जुळवता येत नाही.

तर कार्यकारिणीकडे मागणी मोजकीच आहे. ग्रुपवर टाकलेल्या पीडीएफमधून स्लाइड क्रमांक ११ काढून ती नव्याने पाठवावी, आणि ती का काढली हे दोन ओळींत लिहावं. व्याख्यान पुन्हा ठेवणार असाल तर त्यात मला वीस मिनिटं द्यावीत. स्लाइड्स नसतील, वरचे आकडे फळ्यावर खडूने लिहीन. वक्त्यांचा पाणउतारा करायचा नाही. त्यांना माझ्या घरी जेवायला बोलवायलाही मी तयार आहे.

दुसरं, फेब्रुवारीपासून वाचनालयात आम्हाला माणसं कमी पडतात. प्रशिक्षण ऑनलाइन आहे, परीक्षा सोपी आहे, आपल्या मंडळात सीपीए नि अकाउंटंट पायलीला पन्नास आहेत. कोणाला यायचं असेल तर मला फोन करा. सकाळी नऊला दार उघडतं, साडेआठपासून रांग असते, आणि येताना स्वतःची पेनं आणा, तिथली चालत नाहीत.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
न्यू जर्सी